तुमचे प्रश्न: निर्वासित मुलांचे दात

प्रश्न: मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते आणि सुट्टीच्या दिवशी निर्वासितांच्या हाइममध्ये (सामूहिक निवासात) मदतीला जाते. तिथे सिरियन कुटुंबातला एक 6 वर्षांचा मुलगा आहे, पुढचे दात काळे पडलेत, दाढ दुखते म्हणून रात्रभर रडतो. आई म्हणते दुधाचेच दात आहेत, पडतील. सोबतचे काहीजण म्हणतात ही लोकं दात घासतच नाहीत. आणि वडील तर डेंटिस्टचं नाव काढलं की उठून बाहेरच जातात. मी काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ते "घासतच नाहीत" मनातून काढून टाका, प्लीज. सिरियात 2011 पासून युद्ध, मग कित्येक कुटुंबांची तुर्कस्तान नाहीतर लेबनॉनमध्ये तंबूत किंवा एका खोलीत वर्षं गेली, पाणी मोजून वापरायचं, ब्रश-पेस्ट यादीत सगळ्यात शेवटी, आणि बाळ रडून शेजारचे उठू नयेत म्हणून रात्री तोंडात साखरेच्या चहाची बाटली. पुढचे वरचे दात काळे होतात ते बऱ्याचदा या बाटलीनेच, आणि हे आपल्याकडेही दिसतं हो.

आईला एक गोष्ट नक्की सांगा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे नवीन दाढ येते, कुठलाही दात न पडता येते त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते, पण ती कायमची असते. दुखणारी दाढ तीच असेल तर ती गेली की गेलीच. आणि दुधाची असली तरी पू होईपर्यंत थांबायचं नसतं.

आता कायद्याचं. जर्मनीत आश्रयाचा अर्ज केलेल्यांना सुरुवातीला पूर्ण विमा नसतो, अचानक आलेलं आजारपण आणि वेदना एवढ्यावरच उपचार मिळतात, कवळी किंवा कॅप थांबणं शक्यच नसेल तरच. ही मुदत आधी 18 महिने होती, 2024 मध्ये 36 केली. मला हा नियम चुकीचा वाटतो, कारण कीड तोवर दाताच्या आतल्या नसेला पोचते आणि साध्या फिलिंगने वाचला असता तो दात काढावा लागतो. पण या मुलाला आत्ता वेदना आहेत, म्हणजे तो नियमात बसतो! सोशल ऑफिसमधून (सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयातून) उपचाराची चिठ्ठी घ्या, उशीर करू नका, आणि दवाखान्यात स्पष्ट विचारा की दात काढायलाच हवा का, फिलिंग होईल का. मुलांच्या खास गरजांसाठी त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे, तिचाही उल्लेख करा. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना तर चिठ्ठीची वाट न बघता थेट इमर्जन्सी.

वडिलांबद्दल मात्र जरा हळू घ्या. सिरियाच्या तुरुंगांत खूप लोकांचा छळ झालाय, मारहाणीत दात तुटलेत. त्यांच्यासोबत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, विचारूही नका, पण आडवं झोपवून डोळ्यांवर झगझगीत दिवा आणि उघड्या तोंडात कुणाचे तरी हात, हे अशा माणसाला सहन होत नाही. ते तयार झाले तर डेंटिस्टना आधीच सांगून ठेवा: खुर्ची पूर्ण आडवी नको, हात वर केला की लगेच थांबायचं, प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायची. दुभाष्या नक्की मागा, त्या 6 वर्षांच्या पोराला बापाचा दुभाष्या करू नका.

घरी रोज दोनदा, 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट (हा आकडा ट्यूबवर लिहिलेला असतो) वाटाण्याएवढी, आणि ब्रश आईनेच फिरवायचा. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी.