सोसायटीच्या ग्रुपवर नवीन आलास ना?

मुलुंडला फ्लॅट घेतलास म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव चढणारच. आधी ग्रुप म्यूट कर, कायमचा. सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढ. २०२२ पासून सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण आपले अ‍ॅडमिन म्हणजे सेक्रेटरीच, लिफ्टमध्ये गाठून विचारतील, "काय, राग आला का?"

ब्लू टिक बंद केली म्हणजे सुटलो, असंही समजू नकोस. ते सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. मेसेज टाकणाऱ्याने मेसेज इन्फो उघडलं की कोणी वाचलं ते दिसतं, आणि गणपतीच्या वर्गणीचा मेसेज टाकून तासाभराने ते उघडून बसणारे काका आपल्याकडे आहेत. वाचलंस तर दोन शब्दांत उत्तर दे, नाहीतर उघडूच नकोस.

वाढदिवसाला केकचा एक इमोजी पुरे. राजकारणाच्या फॉरवर्डला तर हातच लावू नकोस.

बाथरूमच्या छतातून गळायला लागलं, तर ओल्या भिंतीचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस. वरचे दुखावतात, दहा जण मध्ये पडतात, गळती तशीच राहते. आधी वर जाऊन बोल. नाही जमलं तर सेक्रेटरीला लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घे.