बातमी लिहितेयस ना, मग आधी हे वाच

प्रिय बाळ,

काल रात्री पावणेबाराला तू ग्रुपवर टाकायच्या आधी मला पाठवलेला आपल्या नाटकाच्या निकालाच्या बातमीचा ड्राफ्ट आज सकाळी चहाबरोबर वाचला, मग पोहे भिजवताना परत वाचला कारण पहिल्यांदा चष्मा नव्हता. व्हॉइस नोटच करणार होते पण माझी व्हॉइस नोट म्हणजे अकरा मिनिटं आणि तू ती दीडच्या स्पीडवर ऐकतेस हे मला माहितेय, म्हणून टाइप करतेय, एका बोटाने. चुका समजून घे.

संस्थेची बातमी लिहायचं काम आपल्याकडे नेहमी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात पडलं ते अक्षर बरं म्हणून. मी प्रॉम्प्टर, नट वाक्य विसरला की हळूच सांगायला विंगेत वही घेऊन उभी राहणारी, तेव्हा सगळ्यांना वाटलं हिला काय, नाटक पाठच आहे, हीच लिहील. आधी पोस्टकार्डं लिहिली, मग हॉलच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने, मग झेरॉक्स काढून घरोघरी, आणि आता तुमचा ग्रुप. लिहिण्याची जागा बदलली, चुका त्याच आहेत, त्यातल्या बऱ्याच मी स्वतः करून बसलेय.

तुझं पहिलं वाक्य, "इंदूर केंद्रावर आपल्या संस्थेचा दणदणीत विजय!!" तीन गुलाल उधळणारे इमोजी. अगं आपण दुसरे आलो. दुसरं येणं काही कमी नाही, मलाही आनंद झालाय, पण राज्य नाट्य स्पर्धा माहीत असलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारणार की पहिले का दुसरे, आणि अंतिम फेरीला जाताय का. पहिलं आलेलं नाटक जातंय, आपण नाही. हे तुझ्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाहीये, वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचं. उद्या कोणी इंदुरी भिया रस्त्यात थांबवून "मग फायनल कधी?" विचारलं की काय सांगशील? सरळ लिही, महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेत, इंदूर केंद्रावर, प्राथमिक फेरीत, नाटक द्वितीय, नेपथ्य प्रथम, उत्कृष्ट अभिनय रौप्यपदक एक. आणि केंद्रावर एकूण किती नाटकं झाली तो आकडा टाक. आकडा टाकला की दुसऱ्या नंबरला वजन येतं, नाहीतर लोकांना वाटतं दोनच असतील.

हे मी हवेतून नाही सांगत. खूप वर्षांपूर्वी एका एकांकिका स्पर्धेत आपण पहिले आलो आणि मी फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, सर्वोत्कृष्ट, प्रथम क्रमांक, आणि चार एकांकिका होत्या हे लिहिलंच नाही. त्यातल्या एकीचा नट आजारी पडला म्हणजे तीनच झाल्या. कळायचं ते कळलंच सगळ्यांना. पुढची दोन वर्षं कोणाला सांगितलं की आमचं नाटक पहिलं आलं तर समोरचा हसून विचारायचा, कितीत?

या स्पर्धेचं वजन तुमच्या पिढीला नीट माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. १९५४ पासून चालू आहे ही. गावोगावच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी, आणि आपण महाराष्ट्राबाहेरचे असून आपल्याकडेही केंद्र येतं. त्यासाठी आपली माणसं किती कागद गोळा करतात ते तू पाहिलंयस, प्रवेश अर्ज, लेखकाची परवानगी, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र. मग तीन परीक्षक समोर बसतात आणि अंधारात लिहीत राहतात. रंगकर्मी बाबा डिके आणि नाट्यभारती संस्थेच्या काळापासून या गावात नोकऱ्या सांभाळून मराठी नाटकं बसवतायत लोक, ऑफिस सुटल्यावर, स्कूटरवर तलवारी बांधून. आणि प्रेक्षक? आपला प्रेक्षक लाडावलेला आहे बाई. सानंद संस्थेमुळे मुंबई-पुण्याचं नाटक इथे येतं, एकाच नाटकाचे शनिवार-रविवारी पाच खेळ होतात, प्रत्येक खेळाच्या प्रेक्षकगटाला एकेक नाव, माणसं आपली ओळखसुद्धा तशी सांगतात, "आम्ही राहुल बारपुते गटातले", "आमची वेळ मामा मुजुमदारची". तेच लोक आपल्या नाटकाला फोन करून विचारतात, पास आहे का गं एखादा. राग येतो, पण येतात, आणि सरावलेल्या डोळ्याने बघतात, त्यांना विजय-बिजय लिहून फसवता येत नाही.

भाषेचंही सांगून टाकते. "सर्वांना निवेदन आहे की" हे काय आहे? आणि "भव्य सफलता"? हिंदी पेपर वाचून वाचून आपलं असं होतं, माझंही होतं, घरात मीसुद्धा "किल्ली मिळत नाहीये" म्हणते आणि पुण्याची सून गालात हसते, त्यांच्याकडे किल्ली सापडत नाही. प्रयोगानंतर एक परीक्षक म्हणाले ना की संवादात अधूनमधून हिंदी डोकावते, तेव्हा तुझा चेहरा पडला होता. पडू देऊ नकोस. नाटक पुण्याच्या घरात घडतं म्हणून तिथे सांभाळायचं, ती तालमीची गोष्ट आहे, तेवढं त्यांचं बरोबर. पण बातमी आपल्या माणसांना लिहायची आहे तर आपण बोलतो तशी लिही, फक्त सरकारी हिंदी नको, छापील पुणेरीही नको.

आता खरं बोलायचं ते. हे लिहू का नको असा विचार करत पोहे गार केले मी.

तुझ्या ड्राफ्टमध्ये नेपथ्याचं बक्षीस तिसऱ्या ओळीत आहे. दिग्दर्शकाचे आभार आहेत. हॉलच्या मॅनेजरचे आहेत, चहावाल्याचे आहेत, टेम्पोवाल्याचेही आहेत. आणि रौप्यपदक सगळ्यात शेवटी, टेम्पोच्या खाली, "तसेच" लावून. अख्ख्या नाटकाला मिळालेलं एकमेव अभिनयाचं पदक आणि "तसेच". आणि नुसतं आडनाव. मी उभं आयुष्य प्रॉम्प्टर होते बाळ, कोणी कोणाचं वाक्य गिळलं ते मला लगेच कळतं.

मला माहितेय तुला वाईट वाटलंय. मुख्य भूमिका तुझी, पावणेदोन तास तू स्टेजवर, आणि पदक आत्याची भूमिका करणारीला, जिचे प्रवेश दोन. यादी आली तेव्हा तू पहिली टाळी वाजवलीस, ते मी पाहिलं, आणि नंतर सगळे जलेबी खात होते तेव्हा तू विंगेत वायर गुंडाळत बसलीस, तेही पाहिलं. ती गुंडाळायचं काम दुसऱ्याचं होतं.

मी त्या दिवशी डाव्या विंगेत होते, वही उघडी, पण दुसऱ्या अंकात मी वहीकडे बघायचं विसरले. आत्या मटार सोलतेय. खरे मटार, तिनेच घरून आणलेले, मांडीवर परात आणि शेजारी स्टीलचं पातेलं. सुरुवातीला दाणे पातेल्यात पडताना टण टण आवाज येत होता, मग पातेलं भरत गेलं तसा तो आवाज बसत गेला, आणि तू बोलत होतीस, जोरात, रडत, वाक्यं सगळी बरोबर. मग तू म्हणालीस, "मी जाते." तेव्हा तिचा हात थांबला. शेंग अर्धी उघडी होती, अंगठा आत. तिने वर पाहिलं नाही. तू दारापर्यंत जाईपर्यंत तशीच, आणि तू गेल्यावर तिने ती शेंग तशीच, दाणे न काढता, सालांच्या ढिगात टाकली. तालमीत हे कधीच नव्हतं. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. तुला दिसलं नाही कारण तुझी पाठ होती, आणि पाठ नसती तरी दिसलं नसतं, कारण तू तुझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतीस. ती तुझं वाक्य ऐकत होती. फरक तेवढाच होता.

तू वाईट काम केलं नाहीस. माझ्या मते गुणवत्ता प्रमाणपत्र तुला मिळायला हरकत नव्हती, परीक्षकांच्या मते होती, विषय संपला. पण बातमीत पदक नाटकाच्या क्रमांकाच्या लगेच खाली येऊ दे, तिचं पूर्ण नाव, भूमिकेचं नाव. तेवढी ओळ तुझ्या हातून नीट उतरली तर फेब्रुवारीच्या प्रयोगात तुम्ही दोघी परत समोरासमोर उभ्या राहाल तेव्हा सोपं जाईल, तिला नाही, तुला.

नेपथ्याचंही बघ. प्रथम आलं, नेपथ्यकाराचं नाव तू लिहिलंस, ठीक. पण टेम्पो राजेंद्रनगरच्या वळणावर आपटला आणि दाराच्या फ्लॅटची, म्हणजे सेटच्या त्या भिंतीची, खालची बिजागरी निघून हातात आली हे तुला माहीत आहे का? वेळ नव्हता, सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात, खिळा ठोकला तर लाकूड चिरत होतं. मग आपला तो सेकंड इयरचा मुलगा, जो कधी काही बोलत नाही, तो फ्लॅटच्या मागे बसला, एक पाय चौकटीला लावून आणि दोन्ही हातांनी दार धरून, आणि तू दुसऱ्या अंकात जितक्यांदा ते दार आपटून गेलीस तितक्यांदा त्याने ते आपटू दिलं आणि पडू दिलं नाही. नंतर त्याला उठता येईना, पायाला मुंग्या. त्याचं नाव टाक. "आणि इतर सहकारी" मध्ये नको, नेपथ्य साहाय्य, पूर्ण नावाने. उलट ती आभारांची अठरा नावं आहेत ना, ज्यांनी सतरंज्या दिल्या, ज्यांच्या गॅरेजमध्ये तालमी झाल्या, त्यांना तू स्वतः जाऊन पेढे दे, ते त्यांना जास्त आवडेल. अठरा नावं कोणी वाचत नाही, फक्त आपलं आहे का ते शोधतात आणि नसलं तर वर्षभर बोलत नाहीत.

लेखकाचं नाव तर विसरलीसच! नाटक आपोआप आलं का?

शेवटी सीझनचं लिहिलंयस, "लवकरच येत आहोत, फेब्रुवारीत प्रयोग, मार्चमध्ये महाप्रयोग, मे महिन्यात बालनाट्य शिबिर, गणपतीत एकांकिका." उत्साह छान आहे. पण यातली हॉलची पावती कशाची आहे? फेब्रुवारीची, एवढीच. मग एवढंच तारखेसकट लिही. मी एकदा हॉलवाल्याच्या तोंडी "हो" वर तारीख छापून वाटली होती, हॉलचं नाव नको, आणि त्या दिवशी तिथे कुठलासा सत्कार समारंभ निघाला. पन्नास-साठ माणसं दारात, त्यात दोन आज्या उज्जैनहून आलेल्या. मी त्यांना घरी आणून पिठलं-भात घातला. तेव्हापासून पावती हातात आल्याशिवाय मी तारीख उच्चारत नाही. मार्चचं तर बोलूच नकोस, तू रंगपंचमीचा शनिवार-रविवार बघितलाच नाहीस, गेर, रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला माणूस पोचत नाही आणि पोचला तर ओळखू येत नाही. तसंच गणपतीत अनंत चतुर्दशीच्या रात्री काही ठेवू नका, झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला अख्खं गाव रस्त्यावर असतं, आपले नटसुद्धा.

आणि फेब्रुवारीचा प्रयोग जाहीर करायच्या आधी लेखकाला फोन. स्पर्धेच्या प्रयोगाची परवानगी घेतली म्हणजे पुढचे प्रयोग फुकट असं नसतं, प्रत्येक प्रयोगाचं मानधन द्यायचं असतं, हौशी असलो तरी. दुसरे आलो हेही सांग त्यांना, ग्रुपवरून कळायच्या आधी. तिकीट ठेवायचं का पास, हा वाद रविवारच्या मीटिंगमध्ये होईल, माझं मत तिकीट, शंभर का होईना. बातमीत त्याबद्दल आत्ता काही नको.

इमोजी एखादा ठेव, मी तेवढी जुनी नाही.

दुपारी चारपर्यंत दुसरा ड्राफ्ट पाठव, मी नंतर भाजीला जाते. त्या मुलाचं पूर्ण नाव कोणालाच माहीत नाही असं दिसतंय, सगळे छोटू म्हणतात, त्यालाच विचार. आणि रविवारी येताना माझी प्रॉम्प्टची वही घेऊन ये, ऑक्टोबरपासून तुझ्याकडे आहे.

तुझी,
विंगेतली काकू