ठाण्यात स्वतःचं मेडिकल काढायला बी.फार्म लागतंच का? लोक या धंद्यात येतात तरी कसे?

नाही, डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) पुरतं. बारावी सायन्सनंतर दोन वर्षं, ५०० तासांचं ट्रेनिंग, मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. दुकानाचा परवाना एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) देतं, फॉर्म २० आणि २१ वर. जागा किमान १० चौरस मीटर, फ्रिज हवाच. मालक स्वतः फार्मासिस्ट नसला तरी चालतं, पण प्रिस्क्रिप्शनची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची. (सर्टिफिकेट भाड्याने घ्यायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा आणि निघा.)

माझ्या पाहण्यातले दोन प्रकार: नौपाड्यात वडिलांचा गल्ला सांभाळणारे, आणि घणसोली-कोपरखैरण्याला आधी दुसऱ्याच्या काउंटरवर राबून मग गाळा घेणारे. मला दुसरा रस्ता जास्त पटतो. एक्सपायरीचा माल स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) कधी परत करायचा, उधारी कुणाला द्यायची, डॉक्टरांचं अक्षर कसं लावायचं, हे कॉलेजात कोण शिकवतं?

भाड्याचं गणित मात्र आधी मांडा. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के, आणि ऑनलाइनवाले कधीकधी त्याहून जास्त सूट देतात. घोडबंदर रोडवर मोक्याचा गाळा घेण्यापेक्षा सोसायट्यांच्या आतल्या गल्लीत, दवाखान्याशेजारी बघा.