अंड्याच्या टरफलांची पूड करणार असशील तर

अगं, टरफलं नुसती धुऊन गॅलरीत वाळवलीस, तेवढ्याने भागत नाही. साल्मोनेलाचे जंतू धुण्याने जात नाहीत. खळखळत्या पाण्यात पुरती 10 मिनिटं उकळ. मग आपल्या मुंबईच्या दमट हवेवर विसंबू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. मंद आचेवर तव्यात परत. बोटांत धरल्यावर कटकन मोडली पाहिजेत. मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून चाळ. चिमूटभर पूड बोटांवर चोळून बघ, मैद्यासारखी लागली पाहिजे. खरखरली तर पुन्हा फिरव, ते कण घशाला टोचतात. मिक्सरचं झाकण लगेच उघडू नकोस, धूळ नाकात जाते.

1 ग्रॅम पुडीत साधारण 380 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणून चमच्याने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोज. एका वेळी 1 ग्रॅम पुरे, तीही वरणभातात कालवून. रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. दूध, दही, नाचणी रोज पोटात जात असेल तर कदाचित गरजही नसेल.

थायरॉइडची गोळी सकाळी घेतेस ना? मग मध्ये 4 तास जाऊ देत. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. आणि मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरणीला हातसुद्धा लावू नकोस, माझं एवढं ऐकच.