इफ्फीला (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पणजीत तीन दिवस आहे. सिनेमांशिवाय काय पाहावं?

दिवसाला तीनच सिनेमे ठेवा. पाचवा सिनेमा पाहताना पहिला डोक्यातून गेलेला असतो, हा स्वानुभव! आयनॉक्स चित्रपटगृहाहून मांडवीच्या काठाने चालत कांपालला जा, चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी बघा. आल्तिन्योच्या टेकडीवर सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे, चढ थोडा दमवतो.

फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत मात्र सकाळी लवकरच जा, नंतर फोटोवाल्यांची झुंबड उडते. पिवळ्या-निळ्या भिंतींवरच्या निळसर अझुलेजो (रंगवलेल्या चकचकीत फरशीच्या) पाट्या निवांत वाचा. तिथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो क्रूस आधी इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता. पण फोंतेन्यासमध्ये लोक राहतात, तेव्हा कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका.