एक पोथी की एकेचाळीस चित्रं?

सांगलीच्या एका वाचकाने घरातल्या पोथीचे फोटो पाठवले आहेत. ‘हरिविजय’, हाताने लिहिलेली, शेवटच्या पानावर शके १७२९, म्हणजे इ.स. १८०७. एकेचाळीस पानांवर रंगीत चित्रं. ऑगस्ट २०१९च्या पुरात पेटी दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर पानं गच्चीवर उन्हात वाळवली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून माळ्यावर टाकली. आता जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, ‘चित्रांची पानं तेवढी द्या, बाकीची देव्हाऱ्यात ठेवा.’ त्याने आठ दिवसांची मुदत दिली आहे. दुरुस्तीचा खर्च झेपणारा नाही. चुलत्यांबरोबर वाड्याच्या वाटपाचा दावा कोर्टात पडून आहे, आणि न्यू जर्सीतल्या बहिणीला दोन पानं आठवण म्हणून हवी आहेत. तर पोथी दुरुस्त करून घ्यावी की फोडून विकावी?

अशी पत्रं मला दरवर्षी येतात, आणि हमखास व्यापाऱ्याने मुदत दिल्यावरच येतात. पूर आला त्या आठवड्यात कुणी विचारत नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक एक श्लोक लिहून ठेवत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक सांगतं. तुमच्याकडे तेल तेवढं टळलेलं दिसतं. बाकी सगळं झालं आहे, शेवटचं आठ दिवसांत होईल.

तुमच्या पत्रात दुरुस्ती आहे, भाव आहे, चुलते आहेत, बहीण आहे. एक शब्द कुठेच नाही: नोंदणी. सगळं त्याच्यावर अडलं आहे.

पुरावस्तू आणि कलाकृतींसाठीचा १९७२चा केंद्रीय कायदा १९७६पासून लागू आहे. हस्तलिखिताला त्यात पंचाहत्तर वर्षं पुरतात, तुमच्या पोथीने दोनशे ओलांडली आहेत. सरकारने ज्या प्रकारच्या वस्तूंची नोंद सक्तीची केली, त्यांत चित्रं असलेली हस्तलिखितं नावानिशी आहेत. तुम्ही लिहिता, ‘वाटप झालं नाही, मालक कोण हेच ठरलेलं नाही, म्हणून काही केलं नाही.’ कलम १४ मालकापाशी थांबत नाही. वस्तू ज्याच्या मालकीची, नियंत्रणाखाली किंवा ताब्यात आहे, त्या प्रत्येकाला ते लागू होतं. ताबा कुणाचा? माळा तुमचा, पिशवी तुमची. वडिलांच्या पश्चात पोथी तुमच्या घरी आली त्या दिवसापासून जबाबदारी तुमची आहे, चुलते काहीही म्हणोत.

नोंद न करण्याला कलम २५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. ते वाचून घाबरू नका. खरं घाबरायचं ते त्याच वाक्याच्या शेपटाला: ती वस्तू सरकारजमा होऊ शकते. म्हणजे ज्या पोथीवरून तुम्ही भाव करत बसला आहात, ती ना तुमची उरेल, ना चुलत्यांची. मुदत उलटून गेली आहे यात वाद नाही. उशिरा केलेल्या अर्जावर अधिकारी काय करेल, याची हमी मी देत नाही. पण स्वतःहून दारात आलेला माणूस आणि व्यापाऱ्याच्या दुकानात सापडलेलं पान, या दोन वेगळ्या फायली होतात, एवढं नक्की.

नोंद केली की सरकार वस्तू उचलून नेतं, ही समजूत वाड्यावाड्यांत पसरलेली आहे. नोंदीने मालकी जात नाही. सक्तीने संपादन करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती मोबदला देऊन. नोंदलेली वस्तू देशात विकताही येते, फक्त हस्तांतर कळवावं लागतं.

आता फोडण्याबद्दल. व्यापारी समजतो, आणि तुम्हालाही पटलेलं दिसतं, की पान सुटं झालं की पोथी संपली आणि कायदाही संपला. उलट आहे. नोंदणीच्या यादीत चित्रंही आहेत, लघुचित्रांसकट, कागदावरची धरून. शंभर वर्षांवरचं चित्रित पान सुटं झालं की ते स्वतःच पुरावस्तू. आज तुमच्याकडे एक पोथी आहे, एक नोंद लागेल. उद्या एकेचाळीस चित्रं असतील, एकेचाळीस नोंदी, आणि शक लिहिलेलं शेवटचं पान मात्र देव्हाऱ्यात. पानांचं वय सिद्ध करणारा कागद तुम्ही स्वतःच त्यांच्यापासून तोडलेला असेल. व्यापाऱ्याला अख्खी पोथी का नको आहे, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे: अख्खी पोथी ओळखता येते.

दाव्याच्या बाबतीत मी सावध बोलतो, कारण तुम्ही दाव्याची प्रत पाठवलेली नाही. वादपत्राच्या परिशिष्टात जंगम मालमत्तेत ‘जुनी पुस्तके, पोथ्या’ असं काही आहे का ते पाहा. निशाणी ५वर, म्हणजे दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, ‘जैसे थे’चा हुकूम झाला असेल आणि त्यात पोथी येत असेल, तर एक पान विकणंही महागात पडेल. नसेल तरी पोथी समाईक आहे असं चुलते म्हणू शकतात, आणि समाईक वस्तूची मोडतोड एका हिस्सेदाराने करायची नसते. तुमचा दावा अकरा वर्षं साक्षीपुराव्यावर अडला आहे. तो निकाली निघेपर्यंत वाळवी थांबणार नाही. म्हणून वकिलांना सांगून वस्तू जतन करण्याच्या परवानगीचा अर्ज द्या, दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय आहे. चुलते अशा अर्जाला विरोध करतील असं वाटत नाही. केलाच, तर न्यायाधीशांना तो विचित्र दिसेल.

बहिणीला दोन पानं पाठवायची नाहीत. भेट, आठवण, प्रवासी बॅगेतली फ्रेम, सगळी निर्यातच. तिथे किमान सहा महिने कैद आहे, कमाल तीन वर्षं, आणि कस्टम्सचं वेगळं. तिला चांगला स्कॅन पाठवा.

दुरुस्तीचं म्हणाल, तर तो सगळा कायद्याचा प्रश्न नाही, पण फोटोंत एक गोष्ट डोळ्यात भरते. चित्रांच्या हिरव्या चौकटीवरून कागद रेघेरेघेने फाटला आहे, दोन ठिकाणी चित्र खिडकीसारखं बाहेर आलं आहे. हे एकट्या पुराचं काम नाही. हिरव्यात जंगाल असेल, तर तांब्याचा तो रंग वर्षानुवर्षं कागद खातो आणि ओल त्याला मदत करते. अशा पानाला चिकटपट्टी लावणारा किंवा गेलेला रंग ‘भरून देणारा’ कारागीर नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारा. सगळी पोथी एकदम करावी लागत नाही. पानं सपाट करून, आम्लरहित कागदात ठेवून पुढची पडझड थांबवणं हे वेगळं आणि पुष्कळ स्वस्त काम आहे. काम कुणालाही द्या, पानांची मोजणी लिहून, सही घेऊन द्या, आणि मजुरी आधी ठरवा. मजुरी थकली तर वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७०ने कारागिराला दिला आहे.

त्याच पेटीत शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पोथ्याही आहेत; त्या नोंदणीत येत नाहीत. शंभरी ओलांडली असेल तर त्याही परदेशी पाठवू नका, इतकंच.

या आठवड्यात पोथी प्लॅस्टिकमधून काढून सुती कापडात ठेवा. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, सुरुवात शेवटच्या पानापासून करा. नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज गेल्याशिवाय एकही पान घराबाहेर जाऊ देऊ नका.

आणि व्यापाऱ्याच्या आठ दिवसांचं? पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्याचा परवाना क्रमांक त्याच्याकडून लेखी मागा. माझा अंदाज असा की, तो पुन्हा फोन करणार नाही.