नवं घर झालं, पण ती आत झोपेना

"आगीत घर गेलं. उसनवारी करून नवं बांधलं. आता सगळं जागेवर आलं, तर बायको आत झोपायला तयार नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झाला का?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत विचारला गेला आहे. कधी बायकोच्या जागी म्हातारी आई असते, कधी मोठं पोरगं. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडा रागही, कारण ते घर त्याने हाडाची काडं करून उभारलेलं असतं. त्या रागाला मी नावं ठेवत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबाबद्दल सांगते. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2022 मध्ये कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता. त्यामुळे पुढच्या हंगामात विकायची घाई फारशी कुणी केली नाही. विदर्भात घराघरांत कापूस भरून राहिला. या घरातही मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. लेकरांच्या अंगाला खाज सुटायची, तरी झोपायची त्याच्याच शेजारी. भाव वाढायच्या ऐवजी उतरत गेला आणि फाल्गुनात एका रात्री त्या खोलीतल्या वायरीने पेट घेतला. कापूस आतल्या आत धुमसतो. लोकांनी पाणी मारून विझवला असं वाटलं, तो पहाटे पुन्हा भडकला. माणसं वाचली. बाईने विळ्याने दावी कापून बैलं मोकळी केली. बाकी धान्य, भांडी, कागदपत्रं, लग्नातला शालू, काही उरलं नाही.

तलाठ्याने पंचनामा केला, यथावकाश मदत आली, नातेवाइकांनी हात दिला. कोळसा झालेल्या ट्रंकेत नोटांची एक गड्डी निघाली, ती शेजारी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. तसं करू नका. करपलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात घेतात आणि किती रक्कम द्यायची ते नियमाने ठरवतात. नोटा झटकायच्या नाहीत, सुट्या करायच्या नाहीत, अलगद डब्यात ठेवून न्यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात नवं घर उभं राहिलं. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच अंगणात खाटा टाकतात, म्हणून ही बाई बाहेर झोपते यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मृगाचा पाऊस आला, सगळे आत गेले आणि ती खाट घेऊन कोठ्यात, बैलांपाशी गेली. गावातली आशाताई मला म्हणाली, "मॅडम, थे कोठ्यात झोपते जी. घरच्यायनं कोनाले सांगतलं नाई."

सुरुवातीला ती भीतीबद्दलच बोलायची. बटण दाबलं की छातीत धडधडतं, धुराचा वास आला की हातपाय गळतात. आगीतून गेलेल्या माणसाला असं होतं, त्याला वेड म्हणत नाहीत. पण तेवढ्याने मला तिचं कोठ्यातलं झोपणं उलगडत नव्हतं, कारण कोठ्यात तर तुराट्या आणि कुटार भरलेलं होतं. पेटायला ती जागा नव्या घराहून सोपी.

मग एकदा मी आगीच्या आधीचं विचारलं. कापूस विकायचं कधी ठरलं होतं का?

ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "हे इकाले निघाले होते. गाडी सांगतली होती. म्याच म्हनलं, थांबा, भाव वाढते. मायाच तोंडानं जळलं घर, मॅडम. मी कोन्या तोंडानं आत जाऊ?"

गावाने तिला हे बोलायची वाटच ठेवली नव्हती. जो तो म्हणायचा, "जीव वाचले ना, मंग रडतं कायले?" म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण त्यापुढे माणूस काय बोलणार? सासूबाई एकदाच पुटपुटल्या होत्या, "तवाच इकला असता तं..." तेवढं तिला पुरलं.

नवऱ्याला मी वेगळं भेटले. त्याच्याकडे त्याचं होतं. वायरीतला जोड त्याने स्वतः मारला होता, वर टेप गुंडाळून. "तिले सांगू कसा?"

दोघांची परवानगी घेऊन मी त्यांना समोरासमोर बसवलं. तो मधेच उठून बैलांना पाणी दाखवायला गेला, मला वाटलं आता येत नाही. आला, आणि सांगितलं. तिने विचारलं, "मंग मले आतापावतर काऊन नाई सांगतलं?" त्या दिवशी त्यांचं जोरदार भांडण झालं. मला ते भांडण हवंच होतं. वर्षभर दोघं एकमेकांना जपत गप्प होते आणि दोघंही आतून खंगत होते.

घरात जाणं त्यानंतरही टप्प्याटप्प्यानेच झालं. परवानाधारक वायरमनकडून सगळी वायरिंग तपासून घेतली, मेन स्विच कुठे आहे ते तिने स्वतः चालू-बंद करून पाहिलं. रात्री तो बंद करायचा की नाही, हे तीच ठरवू लागली. आधी दुपारी दार उघडं ठेवून निवडण-टिपण, मग ओसरीत झोप, मग दाराजवळ. कापूस आता घरात नाही, लांब टिनाच्या शेडमध्ये असतो. ती आत झोपते. होळीच्या आसपास मात्र अजून माहेरी जाते, आणि तिला तसं जाऊ द्यावं असं मी घरच्यांना सांगितलं आहे.

तेव्हा तुमच्या घरी असं कुणी असेल तर ओढून आत नेऊ नका, "विसर आता" म्हणू नका. आगीच्या आधीच्या दिवसांबद्दल विचारा, आणि तुमच्याकडे सांगायचं काही राहिलं असेल तर ते तुम्ही आधी सांगा. महिना-दोन महिने झोप-जेवण तुटलं असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. मरणाच्या गोष्टी निघत असतील तर एक दिवसही थांबू नका आणि माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.